ट्रेड बदलला, ज्येष्ठता कुठे गेली?

प्रश्न : माझे यजमान सैन्याच्या मेडिकल कोअरमध्ये हवालदार आहेत. 2006 साली ते ॲम्ब्युलन्स असिस्टंट म्हणून भरती झाले. 2014 साली त्यांनी लॅबोरेटरीचा कोर्स पास केला आणि तेव्हापासून लष्करी रुग्णालयाच्या पॅथॉलॉजीतच काम करतात. डेंग्यूच्या साथीत रात्र-रात्र जागून त्यांनी प्लेटलेट मोजल्या आहेत. कागदावर मात्र त्यांचा ट्रेड 2019 मध्ये बदलला आणि ज्येष्ठताही तेव्हापासूनच धरली गेली. त्यांच्यामागून भरती झालेले दोघे याच ट्रेडमध्ये नायब सुभेदार झाले. टेक्निकल ग्रुपचा वाढीव पगारही यांना मिळत नाही. तीन अर्ज केले; दोनांना उत्तर नाही, तिसऱ्याला गेल्या महिन्यात ‘नियमानुसार’ एवढेच उत्तर आले. आता त्यांना फील्ड ॲम्ब्युलन्समध्ये, म्हणजे मैदानी वैद्यकीय तुकडीत, पाठवणार असल्याचे कानावर आहे. असाच अन्याय झालेले सात जण मिळून अर्ज करण्याच्या विचारात आहेत आणि मी खासदारांना भेटणार आहे. एक सांगायचे राहिले : 2021 मध्ये ते प्रमोशन केडरमध्ये, म्हणजे बढतीसाठी पास व्हाव्या लागणाऱ्या कोर्समध्ये, नापास झाले होते, 2022 मध्ये पास झाले. कोर्टात जावे का? गेल्यास वरिष्ठ डूख धरतील का?
— एक वाचक भगिनी, जिल्हा सातारा

उत्तर :

ताई, आपल्या पत्रातले रात्र-रात्र प्लेटलेट मोजण्याचे वाक्य वाचून मी थांबलो. कोणीही थांबेल. परंतु आपल्या यजमानांच्या बाजूने जितके मुद्दे आहेत, त्यांत कायद्याच्या तराजूवर सर्वांत हलका मुद्दा नेमका हाच आहे, हे मला सुरुवातीलाच सांगावे लागते. तो अर्जाच्या अग्रभागी ठेवला, तर मागचे भक्कम मुद्देही त्याच्याबरोबर वाहून जातील.

सैन्यात एखादा जवान प्रत्यक्ष काय काम करतो यावर त्याचा ट्रेड ठरत नाही. मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट, ॲम्ब्युलन्स असिस्टंट, लॅबोरेटरी असिस्टंट, रेडिओग्राफर, ब्लड ट्रान्सफ्युजन असिस्टंट, ऑपरेशन रूम असिस्टंट असे वेगवेगळे ट्रेड आहेत. प्रत्येकाच्या मंजूर जागा वेगळ्या, ज्येष्ठतेची यादी वेगळी आणि नायब सुभेदाराच्या जागाही त्या-त्या यादीतूनच भरल्या जातात. रुग्णालयात माणसे कमी असतात, साहेब सांगतात ‘तू आजपासून लॅब सांभाळ’, आणि जवान सांभाळतो. तो हुकूम काम करून घेण्यापुरता पक्का असतो. जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसच्या लेखी त्याला अस्तित्व नसते. शिवाय कोणते पद कोणत्या पदाच्या तोडीचे आणि कोणत्या वर्गात बसवायचे, हे ठरवणे सरकारचे व वेतन आयोगासारख्या तज्ज्ञ मंडळांचे काम आहे, न्यायालयाने त्यात सहसा पडू नये, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 1988 च्या जे. पी. चौरसिया प्रकरणापासून घेतलेली आहे. ‘समान कामाला समान वेतन’ हे सूत्र 2016 च्या जगजित सिंग निकालामुळे सगळ्यांच्या तोंडी झाले असले, तरी तो निकाल हंगामी कर्मचाऱ्यांच्या वेतनाविषयीचा आहे. त्यातून बढतीचा हक्क काढता येत नाही.

मग भक्कम मुद्दा कोणता? तो 2014 आणि 2019 या दोन तारखांच्या मध्ये आहे. कोर्स 2014 मध्ये पास झाला आणि ट्रेड 2019 मध्ये बदलला, तर मधली पाच वर्षे कागद कोणाच्या टेबलावर होता, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या पत्रात नाही. ते आपल्याला ठाऊक नसणार, कदाचित यजमानांनाही नसेल.

जवानाच्या नोकरीत घडणारी प्रत्येक नोंद घेण्याजोगी गोष्ट, म्हणजे लग्न, अपत्यजन्म, कोर्स, बढती, शिक्षा, युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये प्रसिद्ध व्हावी लागते आणि तिच्या आधारे रेकॉर्ड ऑफिस व पे अकाउंट्स ऑफिस आपापल्या नोंदी बदलतात. कोर्स पास झाल्याची नोंद युनिटने 2014 मध्येच पाठवली होती का? पाठवली असेल आणि रेकॉर्ड ऑफिसने पाच वर्षे ट्रेड बदलला नसेल, तर विलंबाचे कारण त्यांनी द्यायचे आहे. पाठवलीच नसेल, तर युनिटच्या कारकुनी चुकीचा भार जवानाने का सोसावा, हा मुद्दा उभा राहतो आणि तो चांगला मुद्दा आहे. तिसरी शक्यताही आहे. कोर्स पास होणे म्हणजे आपोआप ट्रेड बदलणे नव्हे. त्या ट्रेडमध्ये जागा रिकामी असावी लागते, आणि 2019 पर्यंत ती नव्हतीच असेही असू शकेल. तसे असेल तर लढा बराच अवघड होतो.

याहून महत्त्वाचा एक कागद आहे, आणि त्याची मला खरी धास्ती वाटते. ट्रेड बदलताना, ज्याला आपल्याकडे सगळे रिमस्टरिंग म्हणतात, जवानाकडून बहुधा एक संमतीपत्र घेतले जाते. 2019 मध्ये यजमानांनी अशा कागदावर सही केली होती का, आणि त्यात ‘नव्या ट्रेडमध्ये माझी ज्येष्ठता बदलाच्या तारखेपासून धरली जाईल, त्याविषयी मी दावा करणार नाही’ अशा अर्थाचे वाक्य होते का, हे आज रात्री फोनवर त्यांना विचारा. सेवाविषयक कायद्यात स्वतःच्या विनंतीवरून एका यादीतून दुसऱ्या यादीत गेलेला माणूस सर्वसाधारणपणे नव्या यादीच्या तळाशी बसतो. प्रशासनाने आपल्या गरजेपोटी त्याला हलवले असेल, तर त्याची बाजू निराळी ठरते. म्हणून त्या कागदावर बदल ‘विनंतीवरून’ आहे की ‘सेवेच्या हितासाठी’, या दोन-तीन शब्दांवर आपल्या प्रकरणाचा अर्धा निकाल लागलेला आहे. ऑफिसात घाईने पुढे सरकवलेल्या कागदावर ‘इथे सही कर’ म्हटल्यावर किती जण मजकूर वाचतात, हे मी जाणतो. तरीही ती सही त्यांचीच राहते आणि ती लपवून तक्रार केली, तर पुढे काय होऊ शकते ते खाली सांगतो.

हे कागद मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. युनिटच्या ऑफिसात स्वतःच्या नोंदी पाहण्याची व त्यांच्या प्रती मागण्याची विनंती करणे हा पहिला. दुसरा माहिती अधिकाराचा. सैन्य हे 2005 च्या माहिती अधिकार कायद्यातून वगळलेल्या संघटनांच्या यादीत नाही; त्या यादीत सीमा सुरक्षा दल, आसाम रायफल्स अशी नावे आहेत, भूदलाचे नाही. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो, उत्तराची मुदत 30 दिवसांची, आणि उत्तर न मिळाल्यास किंवा पटले नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील. मागायचे ते नेमके मागावे : 2014 च्या कोर्सची पार्ट टू ऑर्डर, 2019 चा रिमस्टरिंगचा आदेश आणि त्यासोबतचे संमतीपत्र, 2014 ते 2019 या काळात लॅबोरेटरी असिस्टंटच्या मंजूर व रिक्त जागा, ट्रेड बदलल्यावर ज्येष्ठता कशी धरायची याचे त्या वेळी लागू असलेले धोरणपत्र, आणि ज्या बढतीमंडळाने त्या दोघांना वर नेले त्या वेळची ज्येष्ठता यादी. त्या दोघांच्या एसीआरच्या, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवालांच्या, प्रती मागू नका; इतरांची खासगी माहिती म्हणून त्या नाकारल्या जातील, आणि त्या नकाराबरोबर उरलेला अर्जही रेंगाळेल.

आता मुदतीविषयी. आपल्या पत्रातून मला तीन अर्ज करून तीन वर्षे घालवल्याचा वास येतो. वारंवार अर्ज करत राहिल्याने मुदत वाढत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने एस. एस. राठोड प्रकरणात 1989 मध्येच सांगितले आहे. त्याहून आपल्या कामाचा निकाल 2008 सालचा तरसेम सिंग यांचा आहे. पगार किंवा पेन्शन चुकीचे धरले गेले असेल, तर ती चूक दर महिन्याला नव्याने घडते, म्हणून उशीर झाला तरी दाद मिळू शकते, मात्र थकबाकी साधारणपणे मागच्या तीन वर्षांचीच. परंतु ज्येष्ठता किंवा बढतीचा प्रश्न असेल आणि त्यात इतरांचे स्थान हलणार असेल, तर उशीर झालेला दावा शिळा ठरतो, असे त्या निकालाचे सार आहे. म्हणजे आपल्या एकाच पत्रातल्या दोन तक्रारींचे भवितव्य अगदी वेगळे आहे. ज्येष्ठतेच्या तक्रारीला 2019 पासूनचा उशीर भोवणार आहे. वाढीव पगाराच्या तक्रारीला तितका नाही. दोन्ही एकाच अर्जात गुंफल्या तर ज्येष्ठतेचा शिळेपणा पगारालाही चिकटेल. त्या वेगळ्या करा.

पगाराचे आधी पाहू, कारण ते सोपे आहे. सातव्या वेतन आयोगानंतर एक्स गटातल्या, म्हणजे आपण लिहिलेल्या टेक्निकल ग्रुपमधल्या, जवानाला मान्यताप्राप्त तांत्रिक डिप्लोमा असेल तर दरमहा 6,200 रुपये आणि नसेल तर 3,600 रुपये जास्तीचे मिळतात. पण कोणता ट्रेड एक्स गटात आहे, हे सरकारच्या यादीवरून ठरते. काम कितीही तांत्रिक असले तरी यादीत नसलेला ट्रेड वाय गटातच राहतो. तेव्हा पे अकाउंट्स ऑफिसला एवढेच विचारावे की 2019 नंतरच्या त्यांच्या ट्रेडचा गट कोणता, आणि तो एक्स असेल तर ही रक्कम का दिली जात नाही. उत्तर अनुकूल आले तर 3,600 च्या दरानेही तीन वर्षांचे 1,29,600 रुपये मूळ रकमेतच होतात. सैन्याच्या केंद्रात केलेला प्रत्येक कोर्स तंत्रशिक्षण परिषदेच्या डिप्लोम्याच्या तोडीचा धरला जात नाही, म्हणून 6,200 चा आकडा मनात धरून बसू नये.

बढतीचा हिशेब निराळा आहे, आणि तो पगारापेक्षा मोठा आहे असे मला वाटते. हवालदार वेतनस्तर 5 वर असतो, म्हणजे सुरुवात 29,200 रुपयांपासून. नायब सुभेदार स्तर 6 वर, 35,400 रुपयांपासून. सैन्यात 8, 16 आणि 24 वर्षांच्या नोकरीनंतर एमएसीपी या योजनेखाली वरचा वेतनस्तर मिळतो, त्यामुळे बढती झाली नाही तरी 2030 मध्ये, अन्य अटी पूर्ण असल्यास, ते स्तर 6 पर्यंत पोहोचतील. खांद्यावरची खूण मात्र एमएसीपीने येत नाही, आणि नोकरीची वर्षेही वाढत नाहीत. हवालदाराची नोकरी 24 वर्षांची, छाननीत बसल्यास आणखी दोन. नायब सुभेदाराची 26 आणि तशीच दोन. मुलांची शिक्षणे चालू असताना त्या दोन वर्षांची किंमत काय असते, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता.

ज्येष्ठतेसाठी यजमानांनी जो मार्ग धरायचा, तो सैन्य अधिनियम 1950 च्या कलम 26 चा आहे. अधिकारी नसलेल्या जवानाला आपल्यावर अन्याय झाला असे वाटल्यास त्याने ज्या अधिकाऱ्याच्या हुकमाखाली तो आहे त्याच्याकडे तक्रार करावी, आणि त्या अधिकाऱ्याने शक्य तितकी पूर्ण चौकशी करावी किंवा गरज पडल्यास प्रकरण वर पाठवावे, असे ते कलम सांगते. आजवरचे तीन अर्ज या कलमाखालचे होते की साधी विनंतीपत्रे होती, हे तपासा. मला वाटते साधीच असावीत. सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या 2007 च्या कायद्यानुसार, उपलब्ध असलेले हे वैधानिक मार्ग वापरल्याशिवाय न्यायाधिकरण सहसा अर्ज दाखल करून घेत नाही. तक्रारीवर अंतिम आदेश आला तर तेव्हापासून सहा महिन्यांत, आणि काहीच आले नाही तर आधी सहा महिने वाट पाहून त्यापुढच्या सहा महिन्यांत तिथे जाता येते. उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, पण त्यासाठी प्रत्येक टप्प्याचे कारण द्यावे लागते. तेव्हा ‘कोर्टात जावे का’ या प्रश्नाचे माझे उत्तर : आज नाही, आज कलम 26 ची तक्रार. गेल्या महिन्यात आलेल्या ‘नियमानुसार’ या उत्तराची तारीख मात्र कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवा, कारण तेच अंतिम उत्तर होते असा बचाव समोरून झाला, तर सहा महिन्यांची मोजणी तिथून सुरू होईल. त्या सहा महिन्यांच्या आत वकिलाला कागद दाखवून झालेले असावेत.

पुढे न्यायाधिकरणात जाण्याची वेळ आली, तर ज्या दोघांना बढती मिळाली आहे त्यांनाही प्रतिवादी करावे लागेल, कारण त्यांची जागा हलवण्याचा निकाल त्यांना न ऐकता देता येत नाही. एकाच मेसमध्ये जेवणाऱ्या माणसांना नोटीस पाठवणे सोपे नसते. यजमानांनी त्याची मनाशी तयारी ठेवावी, आणि शक्य असेल तर त्या दोघांना आधी स्वतः सांगावे. आणि यश आले तरी मिळण्यासारखे काय असते, हेही समजून घ्या. बढतीसाठी विचार होणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 16 खालचा हक्क आहे, प्रत्यक्ष बढती हा हक्क नाही. त्यामुळे ‘यांना नायब सुभेदार करा’ असे मागण्याऐवजी ‘ज्येष्ठता दुरुस्त करून त्या तारखेच्या बढतीमंडळाच्या निकषांवर यांचा पुन्हा विचार करा’ अशी मागणी लिहावी.

याच ठिकाणी 2021 च्या केडरचा विषय येतो. आपण तो पत्राच्या शेवटी, जवळजवळ दबक्या आवाजात लिहिला आहे. तो तक्रारीच्या पहिल्याच पानावर असला पाहिजे. एक तर रेकॉर्ड ऑफिसकडे ती नोंद आहेच. दुसरे म्हणजे सैन्य अधिनियमाच्या कलम 56 नुसार, कलम 26 ची तक्रार करताना कोणाच्या चारित्र्याविषयी खोटे विधान जाणूनबुजून करणे किंवा महत्त्वाची वस्तुस्थिती मुद्दाम दडवणे हा गुन्हा आहे, आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 2019 चे संमतीपत्रही याच कारणासाठी लपवू नये. तिसरे, ते दोघे 2022 पूर्वी बढती पावले असतील, तर केडर पास नसलेल्या यजमानांचा त्या वेळी विचारच होऊ शकला नसता, ज्येष्ठता कोणतीही असो. त्या दोन बढत्यांच्या तारखा आपण कळवलेल्या नाहीत. त्या 2022 नंतरच्या असतील तरच ही लढाई करण्यात अर्थ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

फील्ड ॲम्ब्युलन्सच्या बदलीविषयी न्यायाधिकरणाकडून काही अपेक्षा ठेवू नका. बदल्या आणि रजा हे विषय न्यायाधिकरणाच्या 2007 च्या कायद्याने ‘सेवाविषयक बाबी’तून वगळलेले आहेत. बदली झालीच तर तिला सूडाचे नाव देऊन तक्रारीत घुसडू नये.

सात जणांच्या सामूहिक अर्जाचा विचार आजच सोडून द्यायला सांगा. कारखान्यात सात सह्यांनी बळ वाढते; सैन्यात संयुक्त तक्रार मान्य नाही आणि तिच्याकडे शिस्तीच्या चष्म्यातून पाहिले जाते. शिवाय त्या सातांच्या कोर्सच्या तारखा, सह्या आणि केडर सारखे असणार नाहीत. एकाची कच्ची बाजू सगळ्यांना बुडवील. ज्याचा त्याने अर्ज करावा, कागद मात्र खुशाल एकमेकांना दाखवावेत. खासदारांकडेही जाऊ नका. आपण स्वतः सैनिक नाही, आपल्याला कोणी अडवणार नाही, हे खरे. पण सेवेच्या प्रश्नात बाहेरचे वजन आणल्याचा ठपका आपल्यावर नव्हे, यजमानांवर बसतो. मजकुराच्या भाषेसाठी मदत हवी असेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात निवृत्त सुभेदार भेटतात. त्यांतल्या एखाद्याने रेकॉर्ड ऑफिसात नोकरी केलेली असेल, तर तो वकिलापेक्षाही उपयोगी पडेल.

ज्यांचे पती किंवा पत्नी लष्करी रुग्णालयात नागरी तंत्रज्ञ आहेत, अशा वाचकांनी वरचे सगळे स्वतःला लावून घेऊ नये. त्यांचे न्यायाधिकरण वेगळे, 1985 च्या कायद्याखालचे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, आणि त्यांची एमएसीपीही 10, 20, 30 वर्षांची.

वरिष्ठ डूख धरतील का, हा आपला शेवटचा प्रश्न. धरणार नाहीत, असे मी लिहून देऊ शकत नाही. मात्र कारकुनी विलंब दुरुस्त करण्याची विनंती आणि ‘साहेबांनी अन्याय केला’ हा आरोप, यांतला फरक कमांडिंग ऑफिसरला पहिल्या परिच्छेदातच दिसतो. 2014 मध्ये ज्यांनी कागद पुढे पाठवला नसेल, ते अधिकारी आज त्या रुग्णालयात असण्याची शक्यताही फारशी नाही, त्यामुळे सध्याच्या साहेबांना ही तक्रार स्वतःवरची वाटण्याचे कारण नाही, आणि मजकुरातून ती तशी वाटू देऊ नये. तक्रार देण्याआधी यजमानांनी सुभेदार मेजर साहेबांना कल्पना द्यावी आणि कमांडिंग ऑफिसरची भेट मागावी. तक्रारीच्या दोन प्रती असाव्यात; दुसरीवर ऑफिसचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेऊन ती प्रत रजेवर येताना घरी आणावी, बराकीतल्या ट्रंकेत ठेवू नये.